कार्डावरचे श्वास

टेक्निशियन: हातात देऊ नका. टेबलावर ठेवा. तिथे नाही, त्या कागदावर. आणि जरा लांब.

क्रेनवाला: मास्कच आहे मॅडम, साप नाही.

टेक्निशियन: साप परवडला. ही पाण्याची टाकी शेवटची कधी धुतलीत?

क्रेनवाला: तिच्यात पाणीच तर असतं. पाण्याच्या भांड्याला काय धुवायचं?

टेक्निशियन: हा गुलाबी थर दिसतोय का? बोट लावू नका, नुसतं बघा. बुळबुळीत साय धरलीय. रात्रभर वाफ हिच्यावरून जाते आणि तिथून थेट छातीत. आणि हा फिल्टर. पांढरा दिला होता मी, आता चुलीतून काढल्यासारखा दिसतोय. सोळा वर्षं झोपेची मशिनं बघतेय मी, लोकांच्या लाळेत हात घालायची सवय झालीय. पण तीन दिवस बादलीत कुजलेल्या फडक्यासारखा हा वास. हात लावावासा वाटत नाही.

क्रेनवाला: मग हातमोजे घाला ना.

टेक्निशियन: घातलेत. एकावर एक, दोन.

क्रेनवाला: अहो, मशीनच्या नोंदीचं कार्ड बघा, सही करा, की झालं. मास्क घेऊन या म्हणून तुम्हीच सांगितलंत. गेले दोन महिने मी नुसतं कार्ड पाठवलं, तुम्ही सही करून दिलीत. काही अडलं का?

टेक्निशियन: तिथेच चुकलं माझं. घाई कसली आहे एवढी?

क्रेनवाला: ही तिसरी सही. सेफ्टीच्या साहेबांनी तीन महिन्यांची कार्डं मागितलीत. तिसरी मिळाली की सोमवारपासून मी परत क्रेनवर. सध्या गेटवर बसवलंय मला. आल्या-गेल्या ट्रकचे नंबर लिहायचे. बावीस वर्षं मी चाळीस-चाळीस टनांचे कंटेनर अंड्यासारखे उचलून ठेवले, आणि आता वही घेऊन बसतो. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं वरून हात करतात.

टेक्निशियन: गेटवर डुलकी लागली तर वही खाली पडते. क्रेनवर लागली तर?

क्रेनवाला: एकदाच झालं ते.

टेक्निशियन: फाइलमध्ये आहे की. कंटेनर अकरा मिनिटं हवेत लटकत होता. खालची माणसं ओरडून ओरडून दमली. शेवटी एकजण शिडीने वर चढला, तर तुम्ही केबिनमध्ये घोरत होतात.

क्रेनवाला: पडला का पण? हात लिव्हरवरच होता माझा. घट्ट.

टेक्निशियन: घट्ट होता, कारण तो सुटतच नव्हता. तोच तर तुमचा आजार. आवळलेला स्नायू वेळेवर सैल होत नाही. हाताचं तसं, जिभेचं तसं, आणि श्वासाचे स्नायू पार दुबळे. दिवसा जागे असता म्हणून ते कसेबसे रेटतात. झोपलात की हात टेकतात. मग श्वास उथळ होतो, मध्येच थांबतो, वाईट हवा रक्तात साठून राहते. म्हणून सकाळी डोकं ठणकतं आणि दिवसा डोळे मिटतात. म्हणून रात्री हे मशीन तुमच्याऐवजी श्वास ढकलतं. पाचदा सांगून झालंय हे.

क्रेनवाला: पाठ झालंय मला. म्हणून तर रोज लावतोय. बघा की कार्डावर. सात तास, साडेसात, सात. एक रात्र चुकवलेली नाही. चार दिवस तेवढा मास्क पिशवीत भरून ठेवला होता, तुमच्याकडे आणायचा म्हणून.

टेक्निशियन: तेच बघतेय. ही दाढी कधीपासून?

क्रेनवाला: लग्नापासून. का?

टेक्निशियन: मध्ये कधी काढली नाहीत?

क्रेनवाला: दाढीचा आणि श्वासाचा काय संबंध?

टेक्निशियन: मास्क दाढीवर नीट बसत नाही. पहिले दोन आठवडे बघा, चाळणीतून पाणी जावं तशी हवा गळतेय. वीस मिनिटं घातला, काढून टाकला. पंचवीस मिनिटं घातला, काढून टाकला. आणि मग एका रात्रीपासून गळती जवळजवळ बंद. सात-सात तास.

क्रेनवाला: हात बसला माझा.

टेक्निशियन: हा पट्टा बघा. पहिल्या दिवशी तुमच्या डोक्याचं माप घेऊन मी पेनाने खूण केली होती. आता खुणेपासून चार बोटं आत ओढलाय. डोकं आकसलं का तुमचं?

क्रेनवाला: काळजीने.

टेक्निशियन: बरं. आणि हे काय अडकलंय पट्ट्यात? थांबा, चिमट्याने ओढते. हा बघा. हातभर लांब केस.

क्रेनवाला: उशीचा असेल.

टेक्निशियन: उशीला केस येतात? तुमच्या डोक्यावर तर चार उरलेत.

क्रेनवाला: टकलावर जायचं काम नाही.

टेक्निशियन: टक्कलसुद्धा ह्याच आजारात लवकर पडतं, त्यामुळे आहे काम. आणि मास्कच्या कडेला हे क्रीम. गुलाबाच्या वासाचं. खाली शेवाळ, वर गुलाब. कुजलेल्या वासापेक्षा ह्या वासाने जास्त मळमळतंय मला. कोणी घातला होता हा?

क्रेनवाला: दार लावून घ्या, मॅडम.

टेक्निशियन: लावलेलंच आहे.

क्रेनवाला: नाही होत ते माझ्याने. तोंडावर ते रबर आलं की कोणी गाडतंय असं वाटतं. आपण श्वास सोडायला जावं तर ते वरून कोंबतं. आपल्याच लाळेचा वास आपल्याच नाकात. पहाटे आरशात बघावं तर मुसकी काढलेल्या जनावरासारखे तोंडावर वळ. माझी मलाच किळस यायची.

टेक्निशियन: मग फोन करायचा होतात मला. फक्त नाकापुरता मास्क असतो, दाब कमी करता येतो, दाढी काढता येते. मी इथे माशा मारायला बसलेय का?

क्रेनवाला: फोन केला असता तर तुम्ही लिहिलं असतं, पेशंटला सहन होत नाही. मग संपलं. जन्मभर गेट.

टेक्निशियन: म्हणून काय केलंत?

क्रेनवाला: आधी उशीला बांधला. मशीन शिट्ट्या मारायला लागलं. मग कलिंगडाला बांधला.

टेक्निशियन: कलिंगडाला.

क्रेनवाला: गोल असतं, गुळगुळीत. हवा गळली नाही, पण कार्डावर श्वास उमटेना.

टेक्निशियन: ती रात्र तुमची नव्हती तर. कार्ड उघडलं तेव्हा बघितलं होतं मी, पाच तास मशीन चालू आणि माणसाचा म्हणून एक श्वास नाही. पुढच्या रात्रींचे श्वास होते, तरी राहवलं नाही. लगेच फोन केला होता तुम्हाला.

क्रेनवाला: हो. बरे आहात ना, म्हणून विचारलंत. चांगलं वाटलं मला. फारसं कोणी विचारत नाही.

टेक्निशियन: लाज वाटू द्या थोडी. आणि कलिंगडानंतर?

क्रेनवाला: मुलगी.

टेक्निशियन: काय मुलगी?

क्रेनवाला: माझी मुलगी. एकवीस वर्षांची आहे. तिला म्हटलं, तू तशीही नऊ-नऊ तास लोळतेस. तेवढ्यात मशीनचं काम उरकून जाईल.

टेक्निशियन: थांबा. खिडकी उघडू द्या मला. हे एवढं, हे असलं, तुम्ही स्वतःच्या मुलीच्या तोंडावर बांधलंत? तुमची वाळलेली लाळ? ही बुरशी?

क्रेनवाला: पहिल्या दिवशी कुरकुरली थोडी. मग काही नाही. तिची आई जाऊन सहा वर्षं झाली, आम्ही दोघंच आहोत. बापासाठी एवढं केलं तर काय बिघडलं? धडधाकट पोरगी आहे. चार घोट हवा जास्त खाल्ली, एवढंच.

टेक्निशियन: एवढंच. आणि क्रेनखाली जी माणसं उभी असतात ती? तीसुद्धा धडधाकटच असतात, कंटेनर डोक्यावर येईपर्यंत. दोनदा सही केलीय मी. मशीनचा नियमित वापर, कामास हरकत नाही. ह्याच हाताने. शिसारी येतेय मला ह्या हाताची.

क्रेनवाला: अजून चढलो नाही ना मी वर. तिसऱ्या सहीशिवाय चढवत नाहीत.

टेक्निशियन: आणि ती मिळणार नाही. आत्ताच्या आत्ता मी सेफ्टीवाल्यांना लिहिते, की ही तीन महिन्यांची कार्डं ह्या माणसाची नाहीत, ह्यातला एकही आकडा... एक मिनिट.

क्रेनवाला: काय झालं?

टेक्निशियन: मुलीने कोणत्या रात्रीपासून घातला?

क्रेनवाला: कलिंगडाच्या दुसऱ्या रात्रीपासून.

टेक्निशियन: मध्ये एखादी रात्र तुम्ही? आठवून सांगा. आता खोटं बोलून काही मिळणार नाहीये.

क्रेनवाला: एकही नाही. मी बाहेरच्या खोलीत, ती आतल्या. मशीन आत.

टेक्निशियन: म्हणजे हे सगळे आकडे तिचे आहेत.

क्रेनवाला: कितीदा वदवून घेणार? तिचे. खोटे. फेकून द्या.

टेक्निशियन: खोटे नाहीत हो ते. तुमचे नाहीत एवढंच. दादा, जरा खाली बसा. हे मशीन कसं चालतं सांगते. माणसाने स्वतःहून श्वास घेतला की ते मागून हलका हात देतं. नाही घेतला, तर काही सेकंद वाट बघतं आणि आपणच श्वास देतं. कार्डावर दोन्ही वेगवेगळे उमटतात. पहिल्या रात्री तुम्ही इथे झोपलात तेव्हा शंभरातले सत्तर श्वास मशीनने दिले होते. नंतरच्या कार्डांवर ते चाळीसवर आले. मी खूश झाले होते. माणूस सुधारतोय, असं फाइलमध्ये लिहिलंसुद्धा.

क्रेनवाला: मग चांगलंच आहे की.

टेक्निशियन: ते चाळीस तुमचे नव्हते.

क्रेनवाला: बरं, मग?

टेक्निशियन: धडधाकट पोरीला मशीनने शंभरात चाळीस श्वास द्यावे लागत नाहीत. दोन. चार. फार तर पाच.

क्रेनवाला: मशीन बिघडलं असेल. तुम्हीच म्हणताय शेवाळ धरलंय म्हणून.

टेक्निशियन: शेवाळ श्वास मोजत नाही. कुठे आहे ती?

क्रेनवाला: बाहेर बाकावर. बसमधून तिनेच आणलं मला. तिला नका बोलावू.

टेक्निशियन: का?

क्रेनवाला: झोपली असेल. आहेच ती आळशी. कॉलेज अर्धवट सोडलं. आता एका कपड्यांच्या दुकानात घड्या घालते, तिथेही दुपारी स्टुलावर पेंगते. मालकिणीने दोनदा तंबी दिलीय. मीही बोलतो. बोलून बोलून तोंड दुखलं माझं.

टेक्निशियन: दुपारी पेंगते. आणि तुम्ही तिला बोलता. केबिनमध्ये घोरलेले तुम्ही.

(टेक्निशियन दार उघडून बाकावर झोपलेल्या मुलीला हलवून जागं करते आणि आत आणते.)

मुलगी: झाली सही?

टेक्निशियन: बस. अशी इकडे, उजेडात. हा मास्क ओळखतेस?

मुलगी: बाबा, तुम्ही सांगून टाकलंत?

क्रेनवाला: केसावरून पकडलं त्यांनी.

मुलगी: मी म्हणत होते, केस बांधून झोपते. तुम्ही म्हणालात, कोण बघतंय.

टेक्निशियन: तुला हे तोंडावर घालवलं तरी कसं गं?

मुलगी: पहिल्या रात्री ओकले मी. आत बाबांच्या दाढीचे तुकडे होते आणि लाळेचा पापुद्रा. दुसऱ्या दिवशी मी साबण घेऊन घासायला बसले, तर बाबा म्हणाले, जास्त घासू नकोस, नवा दिसला तर मॅडमना संशय येईल. टाकीलाही हात लावू दिला नाही. म्हणून मग कडेला क्रीम लावायचे आणि त्या वासात नाक खुपसून झोपायचे.

टेक्निशियन: म्हणजे ही घाण मुद्दाम ठेवलीत तुम्ही.

क्रेनवाला: वापरातला वाटायला हवा ना. आमच्याकडे नवीन वायर आणली की साहेब आधी विचारतात, जुनी कुठे गेली.

टेक्निशियन: तुमच्याशी बोलत नाही मी आता. तू सांग. इतकी किळस येत होती तर दोन तास घालून काढून का नाही ठेवलास? कोणी उठून बघणार होतं का?

मुलगी: हसाल तुम्ही.

टेक्निशियन: आज तरी नाही हसणार.

मुलगी: माझं डोकं दुखायचं थांबलं.

टेक्निशियन: सकाळचं?

मुलगी: तुम्हाला कसं कळलं? हो, सकाळचं. शाळेत होते तेव्हापासून आहे. उठलं की तासभर कपाळात कोणीतरी खिळे ठोकतंय. मला वाटायचं, सगळ्यांचंच दुखत असेल, लोक बोलत नसतील. हा मास्क लावायला लागल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी उठले, तर काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. दात घासताना कळलं, डोकं दुखत नाहीये. त्या दिवशी दुकानात एकदासुद्धा पेंगले नाही. मालकीण म्हणाली, कोणाच्या प्रेमात पडलीस का.

क्रेनवाला: मला नाही बोललीस हे.

मुलगी: काय बोलणार? की तुमच्या थुंकीच्या मास्कमध्ये मला छान झोप लागते? लाज वाटत होती. अजूनही शिसारी येते मला ह्याची, बघवत नाही. पण रात्री अंथरूण घातलं की मीच जाऊन पट्टा आवळायचे. चार दिवस तो पिशवीत बंद आहे आणि पुन्हा खिळे सुरू झालेत. म्हणून बाहेर डोळा लागला.

टेक्निशियन: हात दे. अशी माझी बोटं धर. घट्ट. अजून. आता सोड पटकन.

मुलगी: सोडतेय. थांबा. सुटतील, जरा वेळ लागतो. हं, हे बघा. पकड आहे आमच्याकडे. आजोबांचीही अशीच होती, म्हणे हात मिळवला की पाहुणा अडकून पडायचा. सगळे हसायचे.

टेक्निशियन: बाबांना काय झालंय, माहीत आहे तुला?

मुलगी: घोरतात. वजन वाढलंय म्हणून.

टेक्निशियन: असं सांगितलंत तिला?

क्रेनवाला: घोरतो की मी.

टेक्निशियन: डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा मी शेजारी उभी होते. हा आजार रक्तातून उतरतो. प्रत्येक मुलाला निम्मी निम्मी शक्यता. मुलं असतील तर तपासून घ्या, पुढच्या पिढीत लवकर दिसायला लागतो. तुम्ही मान डोलावलीत. मला अजून आठवतंय, टोपी मांडीवर होती आणि मान डोलवत होतात.

मुलगी: बाबा?

क्रेनवाला: चांगली पळायचीस तू. शाळेत दुसरा नंबर आला होता. मला वाटलं, आईवर गेलीय.

मुलगी: म्हणजे मलाही तेच आहे?

टेक्निशियन: मी डॉक्टर नाही, मी आकडे वाचते. नक्की काय ते रक्ततपासणीत कळेल. पण तुझ्या श्वासाचे आकडे चांगले नाहीत. डॉक्टर चार वाजता येतात. त्यांना दाखवल्याशिवाय तुला मी इथून हलू देणार नाही.

मुलगी: मग मी आळशी नाही?

टेक्निशियन: नाही गं.

मुलगी: नाही, नीट सांगा. मी दिवसभर झोपायचे ते ह्याच्यामुळे? कॉलेजात बाईंनी वर्गाबाहेर काढलं ते? बाबा रोज सकाळी दाराला लाथ मारून उठवायचे ते?

टेक्निशियन: रात्रभर तुझं शरीर श्वासासाठी झगडत होतं. तू झोपलेली दिसायचीस, एवढंच.

मुलगी: ऐकलंत का बाबा?

क्रेनवाला: ऐकलं.

टेक्निशियन: आता माझं ऐक. झोपेची गोळी कोणी दिली तरी घ्यायची नाही. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घ्यायची, ह्या आजारात तिकडेही गडबड असू शकते. आणि कुठलंही ऑपरेशन, अगदी छोटं असलं तरी, डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय भूल घ्यायची नाही.

मुलगी: दाढेचं चालतं ना? गुरुवारी अक्कलदाढ काढायचीय माझी. आडवी आलीय म्हणून पूर्ण भूल देणार आहेत.

टेक्निशियन: ह्या गुरुवारी? फॉर्म भरून दिलास त्यांना?

मुलगी: बाबांनी भरला. मी सही केली फक्त.

टेक्निशियन: त्यात एक प्रश्न असतो. घरात कोणाला भुलीचा त्रास झालाय का.

मुलगी: होता. बाबांनी 'नाही' लिहिलं. कोणाला होणार? आजोबा तर झोपेत गेले, घरी. त्रास नाही, काही नाही. सगळे म्हणतात, भाग्यवान माणूस.

टेक्निशियन: किती वर्षांचे होते?

मुलगी: त्रेपन्न.

क्रेनवाला: गुरुवारी जायचं नाही.

मुलगी: का?

क्रेनवाला: नाही जायचं म्हणजे नाही जायचं.

मुलगी: बाबा, गाल सुजून महिना झाला माझा. का नाही जायचं?

क्रेनवाला: आजोबा घरी गेले नाहीत. हर्नियाचं ऑपरेशन होतं. अर्ध्या तासाचं, जेवायच्या वेळेला घरी, असं सांगितलं होतं. भूल दिली, ऑपरेशन झालं, टाकेसुद्धा घातले. आणि श्वास परत आलाच नाही. मी बाहेर होतो, त्यांचे कपडे मांडीवर घेऊन. तुझ्या आजीला सांगायची हिंमत होईना म्हणून म्हटलं, झोपेत गेले. तसं खोटं नव्हतं ते. तिला बरं वाटलं. मग सगळ्यांना तेच सांगितलं, पुढे त्याला 'घरी' जोडलं, आणि सांगून सांगून मलाही तेच खरं वाटायला लागलं.

मुलगी: फॉर्मवर 'नाही' लिहिताना पण खरं वाटत होतं?

क्रेनवाला: तेव्हा आठवलं.

मुलगी: आठवलं.

क्रेनवाला: पेन थांबला होता माझा. पण 'हो' लिहिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कोणाला झाला, का झाला, घरात अजून कोणाला आहे. कोणीतरी कोणाला तरी बोलतं. फिरत फिरत आमच्या कंटेनरच्या यार्डात गेलं असतं. मला वाटलं, दाढ तर आहे. दाढेने काय होतंय.

मुलगी: अर्ध्या तासाचं होतं ना आजोबांचं?

क्रेनवाला: हो.

मुलगी: माझंही अर्ध्या तासाचंच आहे.

टेक्निशियन: पाणी घे जरा.

मुलगी: नको. दोन महिने मी तुमची थुंकी तोंडावर बांधून झोपले, बाबा. तिची इतकी किळस आली नव्हती मला.

क्रेनवाला: बोल. बोल तू.

मुलगी: झालं बोलून. तिकडे सरका, तुमच्या शेजारी बसायचं नाहीये मला.

टेक्निशियन: इथे माझ्या खुर्चीवर बस. आज रात्रीपुरतं एक मशीन मी डॉक्टरांना सांगून तुला मिळवून देते. धुतलेलं, नवा मास्क लावलेलं. आणि हे टेबलावरचं मी कचऱ्यात टाकतेय, कोणी काही बोलायचं नाही. दादा, तुमच्यासाठी दुसरा आणावा लागेल. नाकापुरता. दाढी मात्र काढायची.

क्रेनवाला: काढतो.

टेक्निशियन: आणि सेफ्टीवाल्यांचा कागद. काय लिहू? मी तर लिहिणारच आहे, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय मला.

क्रेनवाला: लिहा, की ह्याने मास्क घातलाच नाही. तीन महिने. कलिंगडाचं नाही लिहिलंत तर बरं. लिहिलंत तरी चालेल.

टेक्निशियन: नोकरी जाऊ शकते.

क्रेनवाला: गेट तरी ठेवतील. नाही ठेवलं तर बघू. दाताच्या दवाखान्याचा नंबर दे गं.

मुलगी: मी करते फोन.

क्रेनवाला: नाही, मी करतो. लिहिलं मी होतं.

मुलगी: हा घ्या. लागलाय.

क्रेनवाला: हॅलो. हां, ते गुरुवारचं दाढेचं ऑपरेशन आहे ना, साडेदहाचं, त्या मुलीचा बाप बोलतोय. थांबवायचंय ते. नाही, तारीख बदलायची नाही, आधी ऐकून घ्या. फॉर्मवर एका ठिकाणी मी 'नाही' लिहिलंय, ते खोडा. दुसऱ्या पानावर, भुलीचं. हो. माझे वडील गेले, भूल दिल्यावर. स्नायूंचा आजार आहे आमच्यात, रक्तातून येणारा. झोपेत श्वास थांबतो. अजून कोणाला? मला. हो, मला आहे, लिहून घ्या. आणि मुलीचं... तिचं अजून तपासायचंय. पण तुम्ही आहे असंच धरून चाला.